इंजिन उघडलं त्यांनी, पुरावा आणायचा आम्ही?

सर्व्हिसिंग करून आणलेल्या गाडीचं इंजिन आठवडाभरात बसलं की वर्कशॉपच्या काउंटरवरून एकच वाक्य येतं: ‘आमच्या कामामुळेच झालं हे तुम्ही सिद्ध करा.’ हे वाक्य निर्लज्ज आहे. ते रोज बोललं जातं. गिऱ्हाईक ते ऐकून घेतं, चार चकरा मारतं, थकतं, आणि शेवटी नव्या इंजिनचं बिल स्वतःच्या खिशातून भरून गाडी घरी आणतं. वर वर्कशॉपवाले त्याला ‘नशीब म्हणायचं साहेब, मशीन आहे’ असं समजावतात. यात नशिबाचा काहीएक संबंध नाही. कोणीतरी काम केलं, ते नीट केलं की नाही याचा हिशेब त्यानं द्यायचा आहे, आणि तो द्यायला तो तयार नाही, एवढीच ही गोष्ट आहे.

सिद्ध कशानं करायचं? जॉब कार्ड त्यांच्याकडे. फिल्टर कोणत्या पोरानं बदलला हे त्यांना ठाऊक. रॅम्पवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्यांच्या संगणकात. काढलेले जुने पार्ट त्यांच्या भंगारात. गाडीच्या कॉम्प्युटरमधून सगळं वाचणारा कंपनीचा स्कॅनर त्यांच्या हातात. आणि बंद पडलेली गाडीही टो होऊन त्यांच्याच दारात. ज्याच्यावर संशय, त्याच्याच ताब्यात प्रेत आणि त्याच्याच हातात शवविच्छेदनाची सुरी. गिऱ्हाइकाकडे काय आहे? बिल आणि गेट पास.

मी नोकरीची सगळी वर्षं भोसरीत इंजिनची बेअरिंग तपासण्यात घालवली. बेअरिंग म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या पातळ अर्धगोल वाट्या. पाठ पोलादाची, आत मऊ धातूचा थर. क्रँक आणि वाटी यांच्यातली फट दोन ते पाच शतांश मिलिमीटर, आणि त्या फटीत तेल. ते तेल आहे तोवर धातूला धातू लागत नाही. तेल गेलं की काही सेकंदांत थर वितळून फासला जातो, वाटी काळवंडते, क्रँकवर निळसर झाक येते, आणि इंजिन पकडतं. हे मी सांगतोय ते अशासाठी की ‘इंजिन का गेलं ते सांगता येत नाही’ असं कोणी तोंडावर सांगितलं, तर तो माणूस अडाणी तरी आहे किंवा खोटं तरी बोलतोय. सांगता येतं. बेअरिंग वाचता येतं. तेल तुटून गेलेली वाटी वेगळी दिसते, कचरा जाऊन गेलेली वेगळी, आणि वयानं झिजलेली तर अगदीच वेगळी. वयानं थकलेल्या थराला बारीक भेगा पडतात, त्याचे तुकडे सुटतात. ती झीज सावकाश होते. एका दुपारीत फासली गेलेली वाटी वर्षानुवर्षं झिजलेल्या वाटीसारखी कधीच दिसत नाही. तेव्हा ‘इंजिन जुनं झालं होतं’ हे उत्तर त्या वाट्या हातात घेतल्याशिवाय देण्याचा कोणालाही अधिकार नाही. देतात मात्र सगळे.

माझ्या भाचीच्या गाडीचं हेच झालं. ती पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, साताऱ्यालाही पेशंट बघायला जाते. पेट्रोल गाडी, पाच वर्षांची. प्रत्येक सर्व्हिसिंग कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये, प्रत्येक बिल फाइलला, वर पैसे मोजून घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटी. ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलून तिनं गाडी आणली, दोन-चार दिवस शहरातच चालवली, आणि साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर ऑइलचा लाल दिवा लागला. घाटात जागा बघून गाडी बाजूला घेईपर्यंत आतून ठोके सुरू झाले आणि इंजिन गप्प झालं. मागच्या डांबरावर तेलाची ओली पट्टी पडली होती. तिनं तिचे फोटो काढले. घडल्या जागेवरचा तेवढाच एक पुरावा आमच्या हातात राहिला, बाकी सगळा त्यांच्या हातात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं वर्कशॉपला पोचलो तर गाडी रॅम्पवर, ऑइलचा चेंबर खाली उतरवलेला, फिल्टर काढलेला, आणि गाडीचं पोट प्रेशरच्या पाण्यानं धुऊन लख्ख केलेलं. इंजिन उघडायला आम्ही परवानगी दिलेली नव्हती, आम्हाला कोणी विचारलंही नव्हतं.

‘खाली सगळीकडे ऑइल उडालं होतं काका. धुतल्याशिवाय पोरं काम कशी करणार?’ सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला.

‘फिल्टर कुठाय?’

‘स्क्रॅपला गेला असेल.’

‘तीन-चार दिवसांपूर्वी तुम्ही बसवलेला नवा फिल्टर रातोरात स्क्रॅपला गेला?’

‘काका, आता तो तसा यूज्डच ना.’

धुणं म्हणजे काय केलं ते समजून घ्या. तेल जिथून सुटतं तिथून ते वाऱ्यानं मागे पसरत जातं. फिल्टरच्या बैठकीतून सुटलं तर डाग फिल्टरपासून सुरू होऊन गिअरबॉक्सवर, पुढे पोटाखाली जातो. चेंबर फुटला तर तो चेंबरपासून सुरू होतो, वरचं सगळं कोरडं राहतं. गाडीच्या पोटावर तेलानं स्वतःच्या हातानं जबानी लिहून ठेवलेली असते. ती जबानी कोणाच्याही समोर वाचली जाण्याआधी यांनी पाण्यानं पुसून टाकली. त्या दिवशी माझा आवाज चढला. तो चढला याचा मला जराही पस्तावा नाही.

फिल्टर बदलताना नेमकं काय चुकतं, तेही सांगतो. हल्ली बहुतेक पेट्रोल गाड्यांचा ऑइल फिल्टर म्हणजे आट्यांनी फिरवून बसवायचा डबा. त्याच्या तोंडाला रबराची एक रिंग. जुना फिल्टर काढताना ती रिंग कधीकधी इंजिनच्या बैठकीलाच चिकटून राहते, काळ्यावर काळी, तेलात माखलेली, वर बघून दिसत नाही. बोट फिरवून बघावं लागतं. बोट न फिरवता नवा फिल्टर तिच्यावर तसाच आवळला की दोन रिंगा एकमेकींवर बसतात. वर्कशॉपमध्ये इंजिन चालू करून बघितलं तरी एक थेंब गळत नाही. शहरातल्या संथ रहदारीतही कधीकधी निभावतं. मग एखाद्या चढावर इंजिनचे फेरे वाढतात, तेलाचा दाब वाढतो, वरची रिंग निसटते, आणि छोट्या गाडीतलं तीन-सव्वातीन लिटर तेल मिनिट-दोन मिनिटांत रस्त्यावर. बोट फिरवायला लागतात पाच सेकंद. त्या वाचवलेल्या पाच सेकंदांचं बिल माझ्या भाचीनं भरावं, असं त्यांचं म्हणणं आहे.

भाचीच्या गाडीत दोन रिंगा होत्या असं मी शपथेवर सांगू शकत नाही. कारण फिल्टर मला दाखवलाच नाही. आणि माझं भांडण नेमकं इथेच आहे. जो पुरावा एका रात्रीत नाहीसा झाला तो माझ्या हातून नाहीसा झाला नाही, मग त्याच्या नसण्याचा फायदा मात्र नाहीसा करणाऱ्याला का?

मग सबबी सुरू झाल्या. पहिली, ‘चेंबरला खालून मार बसलाय.’ चेंबरच्या पत्र्यावर ओरखडा होता खरा, त्यावर गंज चढलेला होता. कालच्या ओरखड्यावर आज गंज चढत नाही. मी म्हटलं, चेंबर उलटा न करता त्यात डिझेल ओता आणि तासभर ठेवा. पुष्कळ कुरकुर करून ओतलं. खाली ठेवलेला कागद कोरडाच राहिला. ड्रेन नट जागेवर, घट्ट. मग ‘पाण्यात घातली होती का?’ मे महिन्यात! इंजिनात पाणी गेलं तर पिस्टन पाण्याला दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड सरळ होते, एअर फिल्टरचा कागद खडखडीत. आणि शेवटी, भाची शेजारी उभी असताना, तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून: ‘मॅडमना दिवा कळला नसेल सर, लेडीजचं जनरली तसं होतं.’ तिनं दिवा लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर फोनच्या नकाशावर मोजून ठेवलं होतं. ते त्यांनी बघितलं नाही.

दिव्याबद्दल एक गोष्ट प्रत्येक गाडीवाल्यानं लक्षात ठेवावी, कारण सगळ्यात जास्त खापर त्याच्यावर फुटतं. तो लाल दिवा तेल किती आहे ते सांगत नाही. तो फक्त दाब गेला एवढंच सांगतो, आणि दाब जातो तेव्हा वाट्यांना तेल पोचणं थांबलेलंच असतं. दिवा बघून घाटात जागा शोधणाऱ्या माणसाला ‘तुम्ही गाडी दामटली’ म्हणणं हा कांगावा आहे. दिवा लागल्यावर दहा-वीस किलोमीटर रेटणारे महाभागही असतात, मान्य. त्यांनी आपल्या वाट्याचं नुकसान सोसावं. पण तेल का गेलं, हा प्रश्न त्यानं मिटत नाही. दिवा लागला हा परिणाम आहे. तेल कोणाच्या कामामुळे गेलं हे कारण आहे. वर्कशॉप परिणामावर बोट ठेवून कारणावर पांघरूण घालतं.

मी आंधळेपणानं वर्कशॉपला दोषी धरा म्हणत नाही. सर्व्हिसिंगनंतर बिघडलेली प्रत्येक गोष्ट सर्व्हिसिंगमुळेच बिघडते असं नाही. एसीचा फिल्टर बदलला आणि महिन्यानं स्टार्टर गेला, तर त्या दोघांचा संबंध लावणारा माणूस खोडसाळ आहे. पण जॉब कार्डावर ज्या यंत्रणेला हात लावल्याचं लिहिलंय तीच यंत्रणा थोड्याच अंतरात कोसळली, तर चित्र बदलतं. ऑइल बदललं आणि तेलाअभावी बेअरिंग गेलं. टायमिंग बेल्ट बदलला आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले. कूलंट बदललं, आत हवा अडकली किंवा पाइपचा क्लॅम्प सैल राहिला आणि हेड गास्केट गेलं. अशा वेळी ‘योगायोग’ हा शब्द उच्चारणाऱ्यानंच तो योगायोग सिद्ध करायला हवा. माझी मागणी एवढीच आहे, आणि ही काही जगावेगळी मागणी नाही. आपला कायदा फार पूर्वीपासून हेच सांगतो.

१८७२ चा करार कायदा बघा. आपली वस्तू एखाद्या कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि काम झाल्यावर परत घ्यायची, या व्यवहाराला त्यात कलम १४८ पासून पुढे अख्खं प्रकरण दिलंय. कलम १५१ सांगतं की ताब्यात घेणाऱ्यानं ती वस्तू सामान्य शहाणा माणूस स्वतःची तशीच वस्तू जपेल तितकी जपली पाहिजे. १४ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात हे आणखी स्वच्छ केलं. १९९८ मध्ये दिल्लीतल्या या हॉटेलच्या माणसाकडे एका पाहुण्यानं आपल्या मारुती झेनची किल्ली पार्किंगसाठी दिली होती, आणि गाडी चोरीला गेली. हॉटेलनं पावतीवरच्या ‘मालकाच्या जबाबदारीवर’ या छापील ओळीकडे बोट दाखवलं. न्यायालयानं ते ऐकलं नाही. किल्ली ताब्यात घेतलीत, आता गाडीचं काय झालं ते तुम्ही सांगा, आणि स्वतःच्या निष्काळजीपणातून अशा छापील ओळीनं सुटका करून घेता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे. प्रत्येक वर्कशॉपच्या जॉब कार्डामागे बारीक अक्षरांत तशाच ओळी छापलेल्या असतात आणि आपण घाईत त्याखाली सही करतो. नुसती गाडी लावायला घेणाऱ्या हॉटेलला जर उत्तर द्यावं लागतं, तर गाडीचं पोट उघडून तिच्या काळजाला हात घालणाऱ्या वर्कशॉपला ते का द्यावं लागू नये?

पुराव्याच्या कायद्यातही तेच आहे. जी गोष्ट एखाद्याच्या खास माहितीतली आहे, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. जुन्या कायद्यात हे कलम १०६ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १०९ आहे. फिल्टर कोणी बसवला, बैठक पुसली का, किती आवळला, नंतर कोणी तपासला, या गोष्टी माझ्या भाचीच्या माहितीतल्या असू शकतात का? ती तर काचेपलीकडच्या गार खोलीत कॉफी पीत बसली होती, कारण ‘सेफ्टी’च्या नावाखाली गिऱ्हाइकाला रॅम्पजवळ फिरकू देत नाहीत. आधी बघू द्यायचं नाही, आणि मग विचारायचं, तुम्ही बघितलं का?

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तर आणखी पुढे गेलाय. त्याच्या कलम २(११) मध्ये सेवेतल्या त्रुटीची व्याख्या आहे, आणि ग्राहकाचं नुकसान करणारा निष्काळजीपणा तर त्यात आहेच, पण ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा त्रुटीच ठरवली आहे. फिल्टर न दाखवणं, मेकॅनिकचं नाव न सांगणं, स्कॅनरचा अहवाल न देणं, हे सगळं त्यात बसतं. इंजिन कोणी घालवलं हा वाद बाजूला ठेवला तरी.

असं असताना गिऱ्हाईक हरतं कुठे? बहुतेक वेळा ते तज्ज्ञाच्या अहवालावर अडतं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार गेली की समोरचा वकील पहिल्याच उत्तरात लिहितो की तक्रारदारानं तज्ज्ञाचा अहवाल दिलेला नाही, सबब तक्रार फेटाळावी. कधीकधी आयोगही ते मान्य करतो. मला हे मुळातच पटत नाही. कलम ३८ मध्ये प्रयोगशाळेत तपासणी करून घेण्याची जी तरतूद आहे, ती मालातल्या दोषासाठी आहे. कारखान्यातून गाडी सदोष आली असा आरोप असेल तर ठीक, तिथे तपासणी हवीच. पण इथे आरोप कामावर आहे. सेवेच्या तक्रारीचा निकाल दोन्ही बाजूंच्या पुराव्यावरून द्यायचा असतो. दोन्ही बाजूंच्या, हे महत्त्वाचं. २०१० मध्ये व्ही. किशन राव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय निष्काळजीपणाबद्दल सांगितलं की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत आणलंच पाहिजे असा सरसकट नियम करता येणार नाही. तिथे मलेरिया झालेल्या बाईवर टायफॉइडचे उपचार झाले होते. माणूस दगावलेल्या खटल्यात ज्याचा हट्ट धरता येत नाही, तो हट्ट तीन लिटर तेलासाठी धरायचा?

आणि तज्ज्ञ आणायचा म्हटलं तरी तो कशाची तपासणी करणार? पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, भोसरीला सीआयआरटी आहे, सीओईपी आहे. माणसांची वाण नाही. पण धुतलेल्या पोटाची, हरवलेल्या फिल्टरची आणि चार हातांनी खोललेल्या इंजिनची तपासणी जगातला कोणताही तज्ज्ञ करू शकत नाही. तो प्रामाणिक असेल तर लिहील, ‘कारण निश्चित करता येत नाही.’ आणि ते वाक्य वर्कशॉपचा वकील स्वतःच्या बाजूनं वाचून दाखवील. पुरावा बिघडवणाऱ्याला पुराव्याच्या अभावाचं बक्षीस मिळतं ते असं. विमा कंपनीकडे जावं तर साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड येतच नाही. तो दरवाजा आधीच बंद.

या सगळ्यापेक्षा मला चीड येते ती कंपन्यांच्या दुटप्पीपणाची. तुम्ही नाक्यावरच्या गॅरेजमध्ये ऑइल बदललंत आणि नंतर इंजिन गेलं, तर कंपनीला कारण शोधायला एक मिनिटही लागत नाही. बाहेर काम केलंत, वॉरंटी रद्द. तिथे तज्ज्ञ लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, योगायोग आठवत नाही. तेच काम त्यांच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये झालं की अचानक विज्ञान फार गुंतागुंतीचं होतं. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या सदोष कामामुळे नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच नाकारा, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या, भांडत राहिल्या. सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनाला, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात मोटारगाड्या आहेत. चांगलं केलं. पण दुरुस्ती करताना गाडीची वाट लागली तर कोणी काय सिद्ध करायचं, हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

‘एवढ्या बारीकसारीक कामाच्या नोंदी कोण ठेवणार’ असं मला एका वर्कशॉपच्या मॅनेजरनं विचारलं. ज्या कारखान्यात त्या गाडीचं इंजिन जोडलं गेलं, तिथे कनेक्टिंग रॉडचा प्रत्येक बोल्ट किती जोरानं आवळला त्याची नोंद यंत्र आपोआप करतं आणि ती इंजिन नंबराखाली जपली जाते. एक बोल्ट कमी आवळला तर लाइन पुढे सरकत नाही. मी हे रोज बघत आलो. त्याच कंपनीचा बोर्ड लावलेल्या वर्कशॉपमध्ये ड्रेन नट हाताच्या अंदाजानं आवळतात, आणि दर वेळी नवा टाकायचा वीस-तीस रुपयांचा वॉशर जुनाच राहिला तरी कोणाला पत्ता लागत नाही. फिल्टरच्या पुसलेल्या बैठकीचा एक फोटो, नटाचा एक फोटो, काम करणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव, काढलेले पार्ट पिशवीत घालून डिकीत. याला किती खर्च येतो? नाक्यावरचा चांगला मेकॅनिक हे न सांगता करतो. ‘साहेब, हा बघा जुना फिल्टर’ म्हणून हातात देतो. त्याच्याकडे गार खोली नाही, कॉफी नाही, पण लपवायलाही काही नाही. मोठ्या वर्कशॉपांना नोंदी ठेवता येत नाहीत हे मी मानत नाही. त्यांना त्या ठेवायच्या नाहीत, कारण नोंद एकदा कागदावर आली की ती त्यांच्याविरुद्धही बोलते.

भाचीला शेवटी ‘गुडविल’ देऊ केलं. पार्टच्या किमतीत चाळीस टक्के सूट, मजुरी पूर्ण, आणि सोबत मेलवर दोन ओळी लिहून द्यायच्या की आमची काही तक्रार नाही. चूक नाही म्हणता तर सूट कशाची? आणि चूक आहे तर चाळीस टक्केच का? तिनं सही केली नाही. तिच्याजागी दुसरी कोणी रोज गाडीवर पोट असणारी बाई असती तर केली असती, आणि तिला मी दोष दिला नसता. पार्किंग चार्ज रोज चढत असतो, कामं बुडत असतात. या वेळकाढूपणावरच तर हा सगळा धंदा चालतो.

म्हणून ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांना सांगतो. गाडी थांबली तिथेच खालचा, मागचा, मीटरचा फोटो काढा. टो करताना लेखी कळवा की आमच्यासमोर आणि आमच्या माणसासमोर उघडल्याशिवाय एकही नट हलवायचा नाही, धुवायचं नाही. तोंडी नको, मेल करा. फिल्टर, उरलेलं तेल, बेअरिंगच्या वाट्या सीलबंद करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. विम्याची कामं करणारा परवानाधारक सर्व्हेअर पैसे देऊन आणता येतो, तो आणा. स्कॅनरमधल्या नोंदींची प्रत मागा. दुरुस्ती सुरू करू देऊ नका. आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, राहत्या जिल्ह्यात जाता येतं, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिलेत. प्रत्यक्षात वर्षं जातात, हे माहीत असू द्या आणि तरी जा. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा तर ग्राहकाच्या नावाचा कायदाही नव्हता. तो यायला १९८६ उजाडलं, आणि तोवरही माणसं भांडतच होती.

आमची तक्रार आयोगात आहे. तिच्यासोबत आम्ही अर्ज दिलाय की त्या दिवशीचं रॅम्पवरचं चित्रण, फिल्टर बसवणाऱ्याचं नाव आणि गाडी उघडण्याची आमची परवानगी, असेल तर, वर्कशॉपनं हजर करावी. आयोगापुढे पुराव्याचा कायदा अक्षरशः लागू होत नाही हे मला माहीत आहे. पण हाताशी असलेला पुरावा जो पुढे आणत नाही, त्याच्या विरुद्धच तो पुरावा असणार असं धरता येतं, हे साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ खालचं तत्त्व आयोगानं वापरायला हरकत कोणाची? वर्कशॉपचं लेखी उत्तर आलंय. त्यात म्हटलंय की कॅमेऱ्याचं चित्रण पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं. चित्रण जपून ठेवा म्हणून पाठवलेली आमची नोटीस त्याच्या बरीच आधी स्पीड पोस्टानं आणि मेलनं त्यांना पोचली होती. पोचपावती आम्ही जोडली आहे. तरी ते का पुसू दिलं, याचं उत्तर पुढच्या तारखेला त्यांनी द्यायचंय.